आईला न दिसलेला हत्ती

पालघरच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात, बाहेर बसायच्या खोलीत, भिंतभर एक चित्र लावलेलं आहे. फार जुन्या काळातले शिपाई एका लढाऊ हत्तीवर तुटून पडलेत, असं. पेशंट तिथं डोळ्यांत थेंब घालून मुकाट्यानं डोळे मिटून बसतात आणि डोळे उघडले की समोर हा रक्तपात. पहिल्यांदा ते चित्र पाहिलं तेव्हाच माझं डोकं फिरलं. माझं डोकं लवकर फिरतं, हे आमच्या बेटेगावच्या शाळेतला पहिलीचा वर्गसुद्धा सांगेल. नावं लिहून घेणाऱ्या मुलीला मी विचारलंच, "अगं, इथं फुलं लावा, डोंगर लावा, हे कसलं चित्र?" ती म्हणाली, "बोईसरच्या एका कारखानदाराच्या वडिलांचा मोतीबिंदू मॅडमनी काढला होता. त्यांनी भेट दिलंय. काढता येत नाही." अशा भेटींपुढे कोणाचं काही चालत नाही.

चित्र काढणाऱ्यानं मात्र जीव ओतला होता. डावीकडची सगळी बाजू हत्तीनं व्यापलेली. कपाळाला पितळी पत्रा, सुळ्यांना लोखंडी टोकं, पाठीवर लाकडी मनोरा आणि त्यात धनुष्य ताणून बसलेले दोघे. सोंडेत एक शिपाई धरून उचललेला, त्याचे पाय वर. उजवीकडे वीस-पंचवीस शिपाई, डोक्यावर टोप, हातात ढाली, भाल्यांची टोकं हत्तीकडे. त्यांतला एक उताणा पडलेला, तोंड उघडं. भीती त्यांच्या तोंडावर इतकी नीट काढलेली होती, की बघणाऱ्यानं आधी हत्तीकडे बघावं, मग या माणसांकडे, आणि मग नजर वळवावी.

त्या दिवशी मी आईला घेऊन गेले होते. आमचं माहेर तारापूरच्या अलीकडे, समुद्राला लागून. घराची होडी आहे, ती आता भाऊ चालवतो. आई पन्नास वर्षं मासळी सुकवते आणि बोईसरच्या बाजारात बसून विकते. दोन-तीन महिने तिचा डावा खांदा सारखा काळानिळा दिसत होता. दाराच्या चौकटीवर आपटायची, खांबावर आपटायची. त्याच आठवड्यात बोईसरच्या रस्त्यावर ती एका टँकरच्या चाकाखाली जाता जाता वाचली. ड्रायव्हर खाली उतरून ओरडला, "ए मौसी, दिखता नहीं क्या?" आईनं त्याला मासळीबाजारातल्या भाषेत जे उत्तर दिलं ते इथं लिहिता येणार नाही. पण भावानं मला फोन केला आणि मी ठरवलं, की चष्म्याचा नंबर बदललाय, दुसरं काही नाही.

नंबर लागायला वेळ होता. आई कंटाळली की कुरकुर सुरू करते, म्हणून मी तिच्याशी वर्गातला खेळ सुरू केला. चित्र पाहा आणि उत्तरे द्या. चौथीच्या मुलांना मी रोज हेच करायला लावते.

"आये, समोरच्या चित्रात कोण कोण आहे सांग."

"मान्सं हायेत. लय मान्सं."

"डोक्यावर काय घातलंय?"

"तांब्याचं टोप. त्याच्यावर लाल तुरा, कोंबड्यावानी."

"वा! आणि हातात?"

"लांब बांबू. टोकाला लोखंड हाय. समदी रोखून दरून उबी हायेत."

"कोणावर रोखलेत?"

आईनं चष्मा वर सरकवला. मग म्हणाली, "कोनावर नाय."

मला वाटलं, माझी फिरकी घेतेय. आई त्यात पटाईत आहे. मी म्हटलं, "नीट बघ. लढाई चाललीय ना? मग कोणाशी?"

"कोनाशी नाय, बाय. समदी येका बाजूला तोंड करून वरडतायत आनि समोर कोन नाय. येडी झालीत का काय?" आणि मग तिचा आवाज एकदम मऊ झाला. "ह्यो बग, ह्यो उताना पडलाय. बिचारा. ह्याला कोनी मारला, देव जाने."

"हत्तीनं मारला, आये."

"कुटं हाय हत्ती?"

शेजारी डोळ्याला पट्टी बांधलेले एक गृहस्थ बसले होते. ते हसले. "आजी, अर्धी भिंत भरलीय हत्तीनं!" आई त्यांच्यावर भडकली. "मला येडी समजता? बोंबलाच्या ढिगातून नासका बोंबील निवडून काडते मी, मला हत्ती नाय दिसनार?" तिनं परत चित्राकडे पाहिलं. सरळ पाहिलं, डोळे ताणून पाहिलं. आणि माझ्याकडे वळून, मला समजावल्यासारखं म्हणाली, "नाय हाय, पोरी."

ती मस्करी करत नव्हती. तिच्या चष्म्याच्या काचेत मला तो हत्ती दिसत होता, सोंडेसकट, आणि काचेच्या पलीकडं माझ्या आईला तो दिसत नव्हता. मी बाकाची कड घट्ट धरून बसले. अंधुक दिसणं मला समजलं असतं. पण तिला शिपायांच्या टोपावरचा तुरा दिसत होता. पडलेल्या माणसाचं उघडं तोंड दिसत होतं. फक्त ज्याच्यामुळे हे सगळं चाललं होतं तोच तिच्या जगात नव्हता.

आणि मग गेल्या चार महिन्यांतलं एकेक माझ्यापुढे येऊन उभं राहिलं. आई तक्रार करत होती, की सून बाकरी वाढत नाय. मी फोनवर वहिनीला फैलावर घेतलं होतं, वहिनी रडली होती, शपथा घालत होती. ती भाकरी वाढतच होती. ताटात डावीकडे वाढत होती. बोईसरचा रस्ता आई अर्धा नीट ओलांडायची, उजवीकडून येणारी गाडी बघून थांबायची, हात दाखवायची. मध्यावरून पुढं डावीकडून गाड्या येतात. टँकर तिकडूनच आला होता. या सगळ्याला मी म्हातारपण म्हणत होते, कधी हट्ट म्हणत होते. पोरांच्या वहीतला काना सुटलेला मला लांबून दिसतो, असा मला गर्व. आणि मला हे दिसलं नव्हतं.

पण ज्या गोष्टीनं मी खरी हादरले ती निराळीच होती. ती वलांडीची. बोंबील सुकवायला बांबू रोवून, आडव्या दोऱ्या ताणून जी मांडण करतात तिला आमच्याकडे वलांडी म्हणतात. दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टांगायची. आमची वलांडी घरासमोर आहे. वडिलांनी आणि काकांनी मिळून उभारलेली, म्हणून निम्मी आमची, निम्मी काकीची. काकीचं घर आमच्या डाव्या हाताला. वडील गेले त्या दिवशी काकी सगळ्यांसमोर बोलून गेली, "ताप होता तरी तूच त्यांना होडीवर दाडला." त्या दिवसापासून आईनं तिच्याकडे पाहिलं नाही. तोंड लपवून किंवा फुरंगटून नव्हे. काकी समोरून आली तर जणू वारा आला, अशी आई निघून जायची. आणि सबंध वलांडी आई एकटी भरायची, या टोकापासून त्या टोकापर्यंत. काकीची मासळी नऊ वर्षं जमिनीवर जाळं अंथरून सुकली, कुत्री हाकत.

या वर्षी हंगाम सुरू झाला आणि आईनं वलांडी निम्मीच भरली. उजवी बाजू भरली, डावी मोकळी सोडली. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी काकीनं भीत भीत दोन जोड्या टांगल्या. आई काही बोलली नाही. मग काकीनं आपली निम्मी भरून टाकली. सगळ्या आळीत बोभाटा झाला, थोरलीनं माफ केलं. मी रविवारी गेले तेव्हा काकी माझा हात धरून रडली. "तुज्या आयनं तोंडानं सांगितलं नाय, पन जागा दिली. येवडं पुरे मला." हे कोणी आईजवळ काढलं नाही. आमच्यात असलं उकरत नाहीत. अबोला बोलून तोडायला गेलं तर तो आणखी घट्ट होतो, अशी सगळ्यांची खात्री. मी तर शाळेत, मधल्या सुट्टीत, माझ्या आईच्या मोठ्या मनाचं वर्णन करून दोन बायकांना रडवलं होतं.

आईनं काही दिलं नव्हतं. तिला ती बाजू दिसतच नव्हती.

डॉक्टर बाईंनी आत नेऊन तपासलं. आईच्या दोन्ही बाजूंना बोटं हलवली. उजवीकडचं बोट आईनं लगेच दाखवलं, डावीकडचं हललेलं तिला कळलंही नाही. बाई मला म्हणाल्या, "डोळे वयाच्या मानानं चांगले आहेत. दोष डोळ्यांत नाही." मग स्कॅन झाला, दुसरे डॉक्टर झाले. मेंदूच्या उजव्या भागात कधीतरी रक्ताची गुठळी येऊन गेली होती. गणपतीच्या सुमारास आई दोन दिवस ओकत होती, निजून होती. पित्त झालं म्हणून आम्ही तिला कोकमाचं सरबत पाजलं होतं. "त्यांची डावी नजर पूर्ण गेलेली नाही," डॉक्टर म्हणाले, "पण मेंदू त्या बाजूची दखलच घेत नाही. त्यांना अंधार दिसत नाही, काहीतरी कमी आहे असंही वाटत नाही. त्यांच्या लेखी जग तेवढंच आहे."

मी विचारलं, बरं होईल का? ते म्हणाले, गोळ्या दुसरा झटका येऊ नये म्हणून. बाकी शिकवावं लागेल. तासातासाला मान डावीकडे वळवायची, दहा आकडे मोजेपर्यंत तिकडे बघत राहायचं. सवय झाली तर बाजारात बसू शकतील. नाही झाली तर रस्ता बंद, कोयता बंद, चूल बंद. "एका जागी बसवून ठेवाल त्यांना," असं ते म्हणाले. माझ्या आईला एका जागी बसवून ठेवणं म्हणजे काय, हे त्यांना माहीत नव्हतं. मला होतं. ती सहा महिन्यांत संपली असती.

आईला हे सांगितलं तर तिचा विश्वास बसेना. "मला समदं दिसतं" हे एकच पालुपद. मान वळवायला सांगितली की वळवल्यासारखं करायची. मी चिडायचे, ती चिडायची. पंधरा दिवस असेच वाया गेले. काकीला काही सांगायचा मला धीर झाला नाही. मग परत दाखवायला पालघरला नेलं आणि आम्ही त्याच बाकावर, त्याच चित्रासमोर बसलो. माझा संयम सुटला होता. मी आईची हनुवटी धरली, आपण हट्टी मुलाची धरतो तशी, आणि तिचं तोंड डावीकडे फिरवून धरून ठेवलं. "बघ. मी सोडणार नाही. बघ."

क्षणभर काही नाही. मग आई किंचाळली.

खोलीतले सगळे दचकले. आतून डॉक्टर बाई धावत आल्या. आई बाकावर मागं सरकून माझ्या अंगावर आदळली होती आणि तिचा हात समोर धरलेला होता, जणू हत्ती चालून येतोय. "आई गं! येवडा मोटा! ह्यो कवा आला?" मग तिनं ते सोंडेतलं माणूस पाहिलं. पितळी कपाळ पाहिलं. मनोऱ्यातले दोघे पाहिले. मग सावकाश, माझा हात न सोडता, तिनं शिपायांकडे पाहिलं. उताण्या पडलेल्याकडे पाहिलं.

"मी ह्यांना येडी म्हटलं," ती पुटपुटली.

मला वाटलं, आता जिंकलो. मी तिची पाठ थोपटत होते. तेवढ्यात ती माझ्याकडे वळली. पांढरीफटक पडली होती. माझी आई तुफानात होडी परत येईना तरी किनाऱ्यावर पदर खोचून उभी राहायची, तिला मी घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"पोरी," ती म्हणाली, "आनकी काय काय हाय गं तिकडं?"

रिक्षात बसल्यावर तिनं परत विचारलं, पुढं बोईसर येईपर्यंत विचारत राहिली. आणि आता ती सारखी मान वळवत होती. शिकवायला नको होतं. रस्त्याची डावी बाजू बघून दचकत होती, टँकर बघून माझा दंड धरत होती. पंधरा दिवस मी ज्यासाठी भांडले ते घडत होतं आणि आता तेच मला नको होतं. कारण घरी पोचल्यावर ती दारात उभी राहणार, मान वळवणार, आणि तिच्या वलांडीवर तिला नऊ वर्षांच्या अबोल्याची मासळी टांगलेली दिसणार. नंतर काय होईल ते मला ठाऊक होतं. माझा राग कोणाकडून आला असेल, हे सांगायला नको.

घरी आल्या आल्या तिला मागच्या दारानं आत नेलं, वहिनीला म्हटलं, आईला चहा दे, आत बसव. आणि मी धावत मागून वलांडीपाशी गेले. काकी तिथंच होती, ओले बोंबील टांगत. मी घाईत, नको तशा शब्दांत, सगळं ओकून टाकलं. आईच्या डोक्यात गुठळी झाली होती, डावं काही दिसत नव्हतं, अजूनही नीट दिसत नाही, पण आता बघायला लागलीय, तर तू तुझी मासळी पटकन काढ.

काकीच्या हातात एक जोडी होती. ती तशीच राहिली.

"म्हंजे तिनं जागा दिली नव्हती?"

"नाही, काकी."

"तिला म्हाईतच नव्हतं?"

मी मान हलवली. काकीचं तोंड उघडं राहिलं आणि तिच्या डोळ्यांतून काही आलं नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. चार महिने रोज सकाळी ती या बाजूला उभी राहून मासळी टांगत होती, पलीकडे आई टांगत होती, आणि मनातल्या मनात ती आईशी बोलत असणार. मी ते दोन वाक्यांत मोडून टाकलं. मग तिनं दोरीवरच्या जोड्या काढायला सुरुवात केली. भरभर, जबडे सोडवत, पदरात टाकत. मीही काढू लागले. मी इतकी घाई करत होते, की निम्मे बोंबील मातीत पडत होते.

"मोज गं, मास्तरीन."

आई दारात उभी होती. चौकटीला एक हात टेकलेला, चहा तसाच टाकून आलेली. तिला भीती वाटत होती, पण ती मागं हटणाऱ्यांतली नाही. "मोज," ती परत म्हणाली, "मी बगते."

मी मोजायला लागले. एक. आईनं उजवीकडून मान वळवायला सुरुवात केली. आपली बाजू, आपले बोंबील. दोन, तीन. मधला खांब. चार. तिथं ती थोडी अडखळली, हनुवटीला स्वतःच हात लावून तिनं तोंड आणखी पुढं ढकललं. पाच. अर्धी रिकामी झालेली दोरी, अर्धी भरलेली. आणि तिच्याखाली पदरात ओली मासळी गोळा करून, पळून जायलाही वेळ न मिळालेली काकी. काकी जागच्या जागी गोठली होती.

सहा, सात, मी मोजत होते. आईनं दोरीकडे पाहिलं. मातीत पडलेल्या बोंबलांकडे पाहिलं. मग तिनं काकीच्या तोंडाकडे पाहिलं, आणि तिथंच तिची नजर थांबली. आता ती काय बोलेल, या भीतीनं मी डोळे मिटून घेतले. म्हणून आईचा आवाज मी फक्त ऐकला. त्यात राग नव्हता. दवाखान्यात हत्ती पाहिला तेव्हा होता तसा तो आवाज होता.

"अगं, केवडी म्हातारी झालीस तू. कवा झालीस?"

काकीनं पदरातली मासळी छातीशी धरली.

"नऊ वर्सं झाली, वैनी," ती म्हणाली.

मी डोळे उघडले आणि पुढं मोजत राहिले. आठ, नऊ, दहा. डॉक्टरांनी दहापर्यंतच सांगितलं होतं. वीस झाले, तीस झाले. आईची मान दुखत असणार. पण तिनं मान सरळ केली नाही.